शाळासिद्धी: फोटो नको, वही दाखवा

शाळासिद्धी, म्हणजे शाळांच्या मूल्यमापनाचा राष्ट्रीय आराखडा, २०१५ साली आला. ७ क्षेत्रं, ४६ गाभा मानकं (म्हणजे मुख्य निकष), प्रत्येकाला ३ स्तर. पहिलं क्षेत्र संसाधनांचं. खोल्या, स्वच्छतागृहं मोजता येतात, म्हणून सगळा जोर आधी तिथेच! पण मुलं स्वतः विचार करतात का, म्हणजे चिकित्सक विचार, याचा संबंध दुसऱ्या क्षेत्राशी, म्हणजे अध्ययन-अध्यापन आणि मूल्यमापनाशी. तिथे पुरावा म्हणून गटकार्याचे फोटो लावले जातात. मुलं गोल बसलेली दिसतात. बोलतात काय, ते कुठे कळतं?

खरा पुरावा वहीत असतो. सातवीच्या पाच वह्या काढा, हुशार-कच्च्या मिसळून. ‘बाष्पीभवन म्हणजे काय?’ याचं उत्तर पाचही वह्यांत शब्दशः सारखं असेल, तर ते फळ्यावरून उतरवलंय. आता विचारा: ‘पेलाभर पाणी ताटलीत आणि तेवढंच तांब्यात ठेवलं, तर आधी कुठलं आटेल? का?’ विचारून तीन ते पाच सेकंद गप्प राहा. शिक्षक नेमकं इथेच घाई करतात आणि उत्तर स्वतःच सांगून मोकळे होतात. मग मुलांना आधी अंदाज लिहायला लावा, प्रयोगानंतर कारण. चुकलेला अंदाज खोडू देऊ नका, खाली दुरुस्ती लिहू द्या. बाह्य मूल्यांकनाला हीच वही पुढे करा.