दार उघडं ठेवलं की झोप येते

बुधवार, दुपारचे पावणेतीन

झोपली लेक एकदाची. कुठे, तर दिवाणापाशी वाळलेल्या कपड्यांचा ढीग पडलाय त्यात डोकं खुपसून, पाय फरशीवर, एका मुठीत पोळीचा तुकडा तसाच. तोंडावर आलेला टॉवेल तेवढा बाजूला केला आणि शेजारीच बसून लिहितेय.

बारापासून चालू होतं. डोळे चोळून चोळून लाल, एक कान सारखा ओढायचा (झोप आली की हे हमखास), वरणभात निम्मा ताटात निम्मा केसांत, आणि तरी "निन्नी नाय" म्हणत घरभर पळापळ. आत नेलं, पडदे ओढले, पंखा बारीक केला, मांडीवर घेऊन थोपटलं, अंगाई म्हटली, तर बाईसाहेब पाठीची कमान करून खाली सरकल्या आणि दाराशी जाऊन "आज्जी, आज्जी". बाहेर आई, म्हणजे माझ्या सासूबाई, मेथी निवडत बसल्या होत्या. शेवटी दार उघडलं. ती त्यांना खेटून बसली, दोन काड्या इकडच्या तिकडे केल्या आणि मागे कपड्यांत कधी कलंडली आम्हाला दोघींनाही कळलं नाही.

दीड वर्ष होऊन गेलंय आता तिला. या वयात दिवसाच्या दोन झोपांची एक होते, सकाळची जाते आणि दुपारची अजून नीट बसलेली नसते, म्हणून हे मधले आठवडे सगळ्यांनाच जड जातात. एक ते दोन वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत 11 ते 14 तास झोप हवी, दिवसाची धरून. आमची रात्री दहा तासांच्या वर काही जात नाही, म्हणजे दुपारची झोप पाहिजेच. आणि झोप तिला येतेच की, जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, त्याने डोळे जड होतात, ते काय कुणाच्या हट्टाने थांबतं थोडंच. तिला झोप नको नसते, तिला आमच्यापासून लांब जायचं नसतं असं माझं आता पक्कं मत झालंय. आई नजरेआड झाली की जीव कासावीस होतो असंच हे वय आहे, आणि आपण नेमकं त्याच वयात अंधार करून दार लावून घेतो.

नाहीतर गणपतीत ढोल-ताशा कानाशी वाजत असताना बाबाच्या खांद्यावर कशी झोपली असती? नणंदेच्या लग्नात पंगत चालू, माइकवर कुणीतरी नाव घेतंय, आणि ही दोन खुर्च्या जोडून त्यावर गाढ. आमच्या लहानपणी कीर्तनाला गेलो की सगळी पोरं सतरंजीवर एका ओळीत झोपलेली असायची, टाळ-मृदंगात, आणि घरी निघताना ज्याचा त्याचा बाप आपापलं पोर हुडकून खांद्यावर टाकायचा. माझा भाऊ तर आजोळी बाजरीच्या पोत्यावर झोपायचा, सकाळी गालावर सुतळीचे वळ.

गावाकडे ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या तेही आठवतं. फडाच्या कडेला बाभळीला जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली, आई मोळ्या बांधतेय आणि मधेच येऊन एक झोका देऊन जातेय. तेव्हा गंमत वाटायची बघायला. बाळाला ठेवायला त्या बाईला दुसरी जागाच नव्हती हे स्वतः आई झाल्यावर फार टोचतं, कधी आठवलं तर बराच वेळ डोक्यातून जात नाही.

हां, पण कुठेही झोपू दे म्हणजे काहीही चालेल असं नाही. ती तान्ही असताना असल्या ढिगात मी तिला अजिबात झोपू दिलं नसतं, वर्षाच्या आतल्या बाळाला सपाट घट्ट गादी, पाठीवर, आजूबाजूला उशी-दुलई काही नाही, यात मी कुणाचंच ऐकलं नाही. आणि गाडीत कार सीटमध्ये झोपली तर घरी पोचलं की आडवी करतेच, उठली तर उठली, मान पुढे पडलेली मला बघवत नाही.

उद्यापासून गादी हॉलमध्येच टाकणार, दार उघडं, घर चालू राहू दे. आई म्हणाल्या अगं तुझ्या नवऱ्याला मी स्वयंपाकघरातच झोपवायचे, ओट्याखाली चटई टाकून.

पुढच्या महिन्यात पाळणाघर सुरू होतंय. परवा बघायला गेलो तर दुपारी सगळी मुलं एकाच खोलीत, ताई मधोमध बसून एकाला थोपटतायत, दुसऱ्याचं डोकं त्यांच्या मांडीवर, आत भांड्यांचा आवाज, एकजण टक्क जागा पण शांत पडलेला. तिथे ही झोपेल असं मला मनापासून वाटतंय. सुरुवातीला घरची गोधडी दिली तर चालेल का, तेवढं ताईंना फोन करून विचारायचंय.