नाशिकहून तिसऱ्या उकरायला

घाटावरचा माणूस समुद्रावर जायचं ठरलं की आधी हॉटेल शोधतो. तिसऱ्या, म्हणजे वाळूत पुरलेले खाण्याचे शिंपले, उकरायच्या असतील तर आधी पंचांग उघडावं. कोळ्यांचा हिशेब सोपा: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. आम्ही कार्तिक वद्य द्वितीया धरली (चातुर्मास सरल्याशिवाय घरून परवानगी मिळणारच नव्हती). दोनाची पाऊणपट दीड. रात्री दीडला भरती, त्यात सव्वासहा तास मिळवले की पावणेआठच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा नुकतीच सरलेली, म्हणजे उधाणाचे दिवस. पाणी चढतं तसंच खूप खाली उतरतंही. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे पाणी फारसं चढत-उतरत नाही तेव्हा, एवढं डिझेल जाळून काही हाती लागत नाही.

किनारा निवडायला जास्त डोकं लागलं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सरकार शिंपल्यांतलं विष तपासतं, मगच कुठला किनारा कोणत्या दिवशी खुला ते जाहीर करतं. रेझर क्लॅम नावाचे लांबट शिंपले माणशी पंधराच घ्यायचे. आपल्याकडे अशी पाटी कोण लावणार? तिसरी पाणी गाळून जगते, त्यामुळे पाण्यात जे येतं ते तिच्या पोटात जातं, आणि काही विषं उकळूनही जात नाहीत. म्हणून नाल्याचं किंवा कारखान्याचं पाणी जिथे उतरतं तो किनारा आधीच खोडला. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील, कारखान्यांवर बंधनं, म्हणून त्याच तालुक्यातलं बोर्डी गाव. तरी तेवढ्यावर विसंबलो नाही. पोहोचल्यावर घरमालकीणबाईंना विचारलं, "मावशी, तुम्ही स्वतः कुठलं खाता?" त्यांनी सुरूच्या बनापलीकडचा पट्टा दाखवला आणि ओढ्याच्या मुखाकडे हात करून नाक मुरडलं. एवढं पुरे होतं.

वाटेबद्दल काय सांगू? त्र्यंबक, तोरंगण घाट, मोखाडा, जव्हार. रात्री उतरू नका, इतकंच.

सकाळी पाणी इतकं मागे गेलेलं की समुद्र शोधावा लागला. ओल्या वाळूत शेजारी शेजारी दोन बारीक भोकं दिसतात, त्यातून पाण्याची चिळकांडी उडते. तिथे खुरपं तिरकं घालायचं. सरळ घातलं तर शिंपला फुटतो. बोटभर खाली काहीतरी टणक लागतं. ज्या बारक्या निघाल्या, त्या मावशींनी परत पुरायला लावल्या. "पुढच्या वर्षी कुणी खायच्या?"

सपाट किनाऱ्यावर भरती समोरून येते असं वाटतं, पण आधी भरतात ते मागचे खोलगट चर. पाठीमागे पाणी चमकायला लागलं तशी मावशींनी हाक मारली, "चला हो, भाऊ!" टोपली अर्धीच होती, तरी निघालो.

नाशिकपर्यंत उन्हात न्यायच्या नव्हत्याच. समुद्राच्या पाण्यात दुपारभर ठेवून वाळू सोडवली आणि रात्री तिथेच एकशिपी, म्हणजे एका शिंपीसकट केलेलं कालवण. शिजूनही ज्या शिंपल्यांनी तोंड उघडलं नाही, ते मावशींनी न बोलता कोंबड्यांपासूनही लांब फेकले.