मार्केट यार्ड किती वारांचं?

सोलापूरच्या चाटी गल्लीतून आईसाठी इरकली नऊवारी घेतली आणि रिक्षावाल्याला म्हटलं, "मार्केट यार्ड." पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या भाच्यानं विचारलं, "मामा, यार्ड म्हणजे वार ना? मग मार्केट यार्ड किती वारांचं?"

मला काही सुचेना. रिक्षावालाच म्हणाला, "कांद्याच्या सीझनला ये की बे बारक्या, मोजता मोजता दमशील."

घरी येऊन शब्दकोश उघडला. दोन्ही यार्ड दिसायला जुळे, पण एकमेकांचे कुणीच लागत नाहीत. मापाचा यार्ड म्हणजे मूळची काठी. जुन्या इंग्रजीत छडीला, डहाळीला तो शब्द होता. शिडाच्या जहाजावर शीड ज्या आडव्या लाकडाला टांगतात, त्यालाही इंग्रज यार्डच म्हणतात. यात नवल वाटायचं कारण नाही. आपला फारसीतून आलेला गज तरी काय, कापड मोजतो आणि खिडकीलाही बसतो. जमीन तर आपण सरळ काठीनंच मोजायचो: 20 काठ्यांचा पांड, 20 पांडांचा बिघा. अर्थात सोलापुरात काठी म्हटल्यावर बिघा कोणाला आठवतोय! आठवतात ते संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत खांद्यावरून, कमरेवरून तोलत नेलेले सात नंदीध्वज.

मार्केट यार्डातला यार्ड मात्र कुंपणाचा. रेल्वे यार्ड, स्कॉटलंड यार्ड हे त्याचेच भाऊबंद. गार्डन त्याच कुळातलं. भाषेचे अभ्यासक तर संस्कृत 'गृह'ही याच गोतावळ्यात बसवतात, आणि गृहावरून आपलं घर. म्हणजे कांद्याच्या गोण्या उतरतात तो यार्ड आपल्या घराचा लांबचा चुलता निघाला. वाराशी त्याचा काडीचा संबंध नाही, आणि काडीचा संबंध होता तो दुसऱ्याच यार्डाचा!

त्या काठीची लांबी कोणी ठरवली, याची एक दंतकथा आहे. इंग्लंडच्या पहिल्या हेन्री राजानं हात लांब केला. नाकाच्या शेंड्यापासून अंगठ्याच्या टोकापर्यंत भरलं तो एक यार्ड. खरं-खोटं राजा जाणे. पुढे धातूच्या पट्ट्या आल्या, पण 1834 साली लंडनच्या संसदेला आग लागली तेव्हा प्रमाण म्हणून जपलेला यार्डही त्यात खराब झाला. 1959 पासून यार्ड मीटरच्या मापात बसलाय: बरोबर 0.9144 मीटर. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा 1956 चा. पण 'सव्वाआठ मीटरी दाखवा' असं म्हणणारी बाई मी अजून पाहिलेली नाही.

हे सगळं मी रंगवून सांगत होतो, तोवर आईनं पातळाची घडी मोडली. पदराचं टोक नाकाशी धरलं, हात ताणला आणि मोजायला लागली. नऊ भरले, वर चार बोटं. "बरं दिलंय," म्हणाली. तिला हेन्री कोणी शिकवला, देव जाणे.

मग भाच्यानं पातळ ओढून घेतलं, आपल्या नाकाशी लावलं आणि जोरजोरात आकडे म्हणत खोलीभर पसरवलं.

"आजी, बारा झाले तरी उरलंयच! मामानं तुला बारावारी आणलीय की!"