पुस्तक अजून विमानातच आहे

मागच्या खेपेला लेकीकडे न्यू जर्सीला जाताना बॅगेत अकरा पुस्तकं भरली होती. विमानतळावर वजन जास्त निघालं, आणि त्यातली पाच पुस्तकं ह्यांच्या हाती परत देऊन मी पुढे गेले. उरलेली सहा महिनाभरात संपली. म्हणून या वेळी ठरवलं, वाचायचं यंत्र घ्यायचं. माझ्या अटी तीनच. हलकं असावं, अक्षर मोठं करता यावं, डोळ्यांत उजेड मारू नये.

"अगं आई, ते सगळ्यांतच असतं," लेक फोनवर म्हणाली. "तू पुस्तकं कुठून आणणार ते आधी सांग."

मला प्रश्नच कळला नाही. फ्रिज घेताना भाजी कुठल्या मंडईतून आणणार असं कोणी विचारतं का?

टोरांटोत माझा भाचा असतो. त्याने तर "मावशी, कोबोच घे" असा धोशा लावला. लेकीकडे ॲमेझॉनचं किंडल, तेही असंच वाचायचं यंत्र. दोघांच्या कात्रीत सापडून मी रोज रात्री थोडं थोडं शिकत गेले, आणि मला माझी आजी आठवली. आजी सोवळ्यात असली की बाहेरचं काही चालायचं नाही. किंडल तिच्याच वळणाचं आहे. ईपब ही इतरत्र बहुतेक सगळीकडे चालणारी फाइल, पण केबल लावून ती आत टाकली तर किंडल साधी ओळखही दाखवत नाही. 2022पासून ॲमेझॉनने एक वाट काढलीय. फाइल त्यांना ईमेलने पाठवायची, मग ती त्यांच्या स्वयंपाकघरात पुन्हा शिजते आणि तिथून यंत्राच्या पानात वाढली जाते. कोबोला असला विधिनिषेध नाही. ईपब, पीडीएफ, जुनी मोबी, साधी टेक्स्ट, जे वाढाल ते मुकाट्याने खातं. त्याचं नावसुद्धा 'बुक' या इंग्रजी शब्दाची अक्षरं उलटसुलट करून ठेवलंय म्हणे. मला ते आवडलं. (नाव आवडलं म्हणून वस्तू घेण्याचा माझा इतिहास घरात सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून हे कोणाला बोलले नाही.)

माझ्याकडे मराठी पीडीएफचं एक गाठोडं होतं. कोणीकोणी पाठवलेले लेख, जुने विशेषांक, मैत्रिणीच्या आईच्या आठवणी. पीडीएफ म्हणजे खळ घातलेलं धोतर, वाकत नाही. सहा इंची पडद्यावर अख्खं पान मावतं, पण मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरात. मोठं करावं तर प्रत्येक ओळीला पान डावीकडून उजवीकडे ओढत बसायचं. ईपबमध्ये मजकूर पाण्यासारखा असतो. भांडं बदललं की आकार बदलतो.

"मग पीडीएफचं ईपब कर ना," भाचा म्हणाला. त्यासाठी कॅलिबर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, आणि ते 2006मध्ये सुरू करणारे कोविद गोयल भारतीय आहेत, हे त्याने मला अशा थाटात सांगितलं की गोयल जणू त्याच्याच वर्गात होते. मी मैत्रिणीच्या आईच्या आठवणी त्यात घातल्या. बाहेर काय आलं? डॉलरच्या खुणा, कंस, टिंबं आणि मध्येच एखादं इंग्रजी अक्षर. कॅलिबरचा दोष नव्हता. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधी संगणकावर छपाईची जुळणी करताना इंग्रजी अक्षरांच्या अंगावर मराठी अक्षरांचे कपडे चढवलेले असत. फाँट काढला की कपडे उतरतात. माजघरातल्या चुलीचं ते सुंदर वर्णन मी वाचलेलं होतं म्हणून बरं, नाहीतर कोणीतरी कीबोर्डवर बसलं होतं असंच वाटलं असतं.

त्यामानाने मराठी विकिस्रोत या फुकट ऑनलाइन ग्रंथसंग्रहावरून उतरवलेले साने गुरुजी काना-मात्रेसकट आले. गुरुजी 1950मध्ये गेले, आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी प्रताधिकार संपतो, म्हणून 2011पासून त्यांचं लेखन सगळ्यांचं झालं. तिथे ईपब सरळ उतरवून घेता येतं.

पण खरा निकाल लावला तो लायब्ररीने. लेकीच्या गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयाचं कार्ड फुकट, आणि त्यावर लिबी नावाच्या ॲपमधून ई-पुस्तकं घरबसल्या मिळतात. कोबोत ही सोय यंत्राच्या पोटातच असते, म्हणून भाच्याची एवढी वकिली. इतर काही यंत्रांना लायब्ररी आधी एक चिमुकली फाइल देते. ती पुस्तक नसतेच, ती चिठ्ठी असते. ॲडोबीच्या सॉफ्टवेअरला चिठ्ठी दाखवायची, मग पुस्तक. किंडलवर लायब्ररीची पुस्तकं 2011च्या सप्टेंबरपासून मिळतात, पण फक्त अमेरिकेतल्या ग्रंथालयांची. मी राहणार अमेरिकेत, कार्ड आणि खातं लेकीचं. आजीचं सोवळं पत्करलं.

आणि मग कळलं की तिथेही नंबर लावावा लागतो! माझ्या पुढे बत्तीस लोक होते. फाइलच ती, तेहतीस जणांना एकदम का देत नाहीत? पण ग्रंथालयाने जितके परवाने विकत घेतले असतील तितक्यांनाच एका वेळी पुस्तक मिळतं. हार्परकॉलिन्स प्रकाशनाने तर 2011मध्ये नियमच केला, की एक ई-प्रत 26 वेळा दिली की ग्रंथालयाने ती पुन्हा विकत घ्यायची. 26 वाचकांत पुस्तक झिजतं असा हिशेब. आमच्या ठाण्यातल्या गल्लीतल्या वाचनालयाचे काका ऐकते तर हसले असते. तिथली पुस्तकं दोनदा बांधणी होऊन, पहिली आठ पानं हरवूनसुद्धा फिरत असायची.

त्या काकांची आठवण यायचं कारण वेगळंच आहे. चाळीस वर्षांपूर्वी त्यांचं एक पुस्तक मी दीड महिना दडवलं होतं. त्यांचा पोऱ्या दारात आला की आई सांगायची, "ती बाहेर गेलीय." मी आत कॉटवर वाचत पडलेली. माझ्यामागे नंबर लावलेल्या जोशीबाई पुढे कित्येक दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

परतीच्या वेळी दक्षिण ध्रुवाकडे निघालेल्या एका जहाजाची हकीकत माझ्या किंडलवर होती. एकवीस दिवसांची मुदत, त्यातले चार उरलेले, आणि जहाज नुकतंच बर्फात अडकलेलं. विमानात बसल्यावर एअरप्लेन मोड लावला. मुंबईला उतरून आता सतरा दिवस झाले, मी तो काढलेला नाही. वायफाय लागलं की यंत्र पुस्तक परत देऊन टाकतं, तोवर ते माझ्याकडेच. आणि गंमत म्हणजे तिकडे लायब्ररीच्या हिशेबात ते केव्हाच परत गेलंय, पुढच्याच्या हातात पडलंय. दडवलं तरी या वेळी जोशीबाई रागावणार नाहीत.

काल लेकीचा फोन आला. "आई, तुला दोन नवीन पुस्तकं पाठवलीत, दिसली का?"

"नाही गं, नेट चालत नाहीये," मी म्हटलं. आईच्याच आवाजात म्हटलं असणार, कारण हे पेपरातून मान वर काढून माझ्याकडे बघायला लागले.

अजून चाळीस पानं आहेत.