हम सापडला, सेल पकडले गेले आणि तिसरं गाणं जागेवर बसलं

बसलं एकदाचं! कॅसेटवरचं तिसरं गाणं काल रात्री साडेबाराला पांढरी पाचवर, म्हणजे जी पट्टीवर, येऊन बसलं. बेस गिटार हातात घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत सोबत वाजवलं आणि एकदाही दात आंबले नाहीत. तीन आठवडे गेले यात.

मागच्या वेळी लिहिलं होतं ते आठवत असेल. बँडच्या रिहर्सलची जुनी सी-९०, म्हणजे नव्वद मिनिटांची कॅसेट, ए बाजूला पाच गाणी. त्यातल्या माझ्याच बेसलाइन्स मला आता वाजवता येत नाहीत, म्हणून ऐकून पुन्हा बसवायच्या. पण तिसरं गाणं पांढरी पाच आणि काळी चारच्या बरोबर फटीत लटकलेलं. पहिलं गाणं किंचित चढं, पाचवं जवळजवळ अर्धा स्वर चढं. आम्ही बेसूर होतो हे कबूल, पण इतके शिस्तीत बेसूर नव्हतो.

पहिला संशय अर्थातच कॅसेट डेकवर. "नवा बेल्ट टाकलाय" असं सांगून विकलेला डेक उघडला तर आत टेप फिरवणारा रबरी बेल्ट नव्हे, त्याचं वितळून झालेलं डांबर निघालं होतं, ते रडगाणं मागे गायलोच आहे. जुना डेक घेणाऱ्यांनी विकणाऱ्याचा शब्द न मानता सरळ बेल्ट मागवून ठेवावा. तर नवा बेल्ट टाकून वेग तपासायची, ३१५० हर्ट्झचा एकच सूर भरलेली टेस्ट कॅसेट लावली. ३१५२ आले. म्हणजे डेक निर्दोष. हेडचा ॲझिमथ, म्हणजे टेपशी असलेला कोन, तोही झांजा ऐकत ऐकत जुळवला, पाव फेऱ्याचंच काम होतं. झांजा उघडल्या, पट्टी तिथेच.

मग ट्यूब पेटली. ही कॅसेट सेलवर चालणाऱ्या रेकॉर्डरवर भरलेली होती. सेल उतरत गेले, मोटर मंद होत गेली आणि मंद भरलेली टेप सरळ वेगाने वाजवली की सूर चढा लागतो. पण नेमका किती, हे कुठल्या क्षणी कसं मोजायचं? गिटार आम्ही कानाने लावायचो, त्यामुळे तिचा भरवसा नाही.

उत्तर अँपच्या हममध्ये, म्हणजे विजेमुळे मागे सतत घुमणाऱ्या आवाजात होतं. आमचा गिटारवाला सिंगल कॉइल पिकअपवाला (हे पिकअप हम फार पकडतात), कायम फुल गेन. त्याच्या हमला आम्ही तेव्हा किती शिव्या घातल्या! वीज ५० हर्ट्झची, अँपमधला हम त्याच्या दुप्पट, १००. भिंतीतली वीजही थोडी डगमगते, पण सेल उतरलेल्या रेकॉर्डरच्या मानाने कमीच. कॅसेटवर हम १०३ दिसला तर टेप तीन टक्के पळतेय, इतकं सोपं.

सोपं म्हणता म्हणता दोन आठवडे खाल्ले. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कुठल्या क्षणी कुठल्या फ्रिक्वेन्सी वाजतात याचं चित्र, उघडला, १०० च्या आसपास झकास आडवी रेघ, १००.८ वर. म्हणजे फक्त १४ सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट) चढं? दुरुस्त केलं, बेस घेतला, तरी ३५ सेंटची खाच. पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. चार रात्री मी टेपला, डेकला, कानांना, सगळ्यांना दोष देऊन झाला.

चोर मीच होतो. गाणं पांढरी पाचचं, आणि मी कडव्याभर त्याच एका सुरावर ठाण मांडून बसलेलो. बेसचा खालचा जी ४९ हर्ट्झ, त्याचा दुसरा हार्मोनिक (तारेत मूळ सुराच्या पटीत वाजणारा वरचा सूर) ९८. टेपच्या चढ्या वेगात तो होतो १००.८. ज्या रेघेला मी हम समजत होतो ती माझीच तार होती! खरा हम तिला चिकटून १०२.९ वर होता, पण एका वेळी ३२७६८ सॅम्पलची लांब विंडो घेऊन मोजलं तरी फ्रिक्वेन्सीचे कप्पे १.३५ हर्ट्झचे, त्यात दोघं एकमेकांत मिसळून गेले.

तोडगा असा की १०० वर बघूच नका, ३०० वर बघा. तिथे हमची रेघ ३०८.७ आणि माझी ३०२.५, मध्ये स्वच्छ फट. शिवाय बेसचे वरचे हार्मोनिक लगेच विझतात, हम मात्र ढिम्म चालू राहतो. दोन गाण्यांच्या मधल्या बडबडीत तर तो एकटाच उभा असतो. पहिल्या गाण्याआधी १०१.२, तिसऱ्यात १०२.९, पाचव्याच्या शेवटी १०५.४. सेल कसे उतरले याचा आलेखच मिळाला. हे आकडे ऑडॅसिटीच्या टाइम ट्रॅकवर, म्हणजे वेग कमी-जास्त करणाऱ्या पट्टीवर, दर अर्ध्या मिनिटाला एक ठिपका देऊन बसवले. महागडं सॉफ्टवेअर हेच आपोआप करतं म्हणे, पण ठिपके हाताने ओढण्यातही मजा आहे.

या काळात ऐकणं एकच, माइल्स डेव्हिसचा जॅझ अल्बम 'काइंड ऑफ ब्लू'. कारण दुखणं तेच. मार्च १९५९ च्या पहिल्या सेशनला टेप मशीन जरा मंद चाललं, म्हणून पहिल्या बाजूची तिन्ही गाणी रेकॉर्डवर किंचित चढी आली आणि ते दुरुस्त झालं १९९२ च्या आवृत्तीत. मधली ३३ वर्षं रेकॉर्डसोबत रियाज करणाऱ्यांनी आपलंच वाद्य पुन्हा पुन्हा लावलं असणार. त्यातल्या पॉल चेंबर्सचा बेस दोन्ही आवृत्त्यांत पाठोपाठ ऐकून बघा. दुरुस्त केलेल्यात तो जरा टेकून बसल्यासारखा वाटतो.

आता ड्रमरची माफी. पाचव्या गाण्यात तो पळतो, हा आमच्या बँडमधला कायमचा वाद. ठरलेली लय मिनिटाला ११६ ठोके, कॅसेटवर शेवटी १२६. दुरुस्तीनंतर ती ११९.५ भरली. म्हणजे दहापैकी साडेसहा ठोके सेलनी पळवले होते. उरलेले साडेतीन? मेट्रोनोमची क्लिक लावून माप-माप तपासलं. दुसऱ्या कडव्यापर्यंत गडी खिळ्यासारखा ११६ वर. मग माझा तो लाडका फिल, म्हणजे मधली भरावाची सुरावट, येतो, चार नोटा घाईघाईत, आणि बिचारा माझ्यामागे धावतो. आलेख त्याला पाठवलाय. उत्तरात फक्त अंगठा आला.

बेत होता की आता बेसलाइन्स लिहून काढायच्या. पण बी बाजू लावून पाहिली आणि तो बारगळला. ती सगळी अकूस्टिक आहे. अँप बंद, हम नाही, मोजायला काही नाही. गिटारला प्रमाण मानलं की पुन्हा पहिल्या घरी.

हे लिहितानाच डोक्यात आलं, काउबेल, ड्रमरची ती टणटण वाजणारी धातूची घंटा! दोन्ही बाजूंना तीच वाजते. तिला कोणी कान पिळून लावत नाही, सूर तोच राहतो. ए बाजूच्या दुरुस्त भागातून तिची नेमकी फ्रिक्वेन्सी काढायची आणि बी बाजूच्या प्रत्येक टोल्याशी ताडायची. टोला छोटा असल्याने लांब विंडो चालणार नाही, पण सूर वरचा आहे, भागून जाईल असं वाटतं. काउबेल अजून ड्रमरच्या माळ्यावर आहे. एक टोला मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठव म्हणून त्याला आत्ताच मेसेज टाकलाय.