२००९ की २०१०?

परवा दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो, बाहेर लंडनचा तो ना धड पाऊस ना धड ऊन असा प्रकार, आणि भिशीच्या ग्रुपवर मेसेज पडला. "२००९ की २०१०? संध्याकाळपर्यंत दुकानात कळवायचंय." एवढंच. झोपेचं खोबरं.

भिशी म्हणजे आमची तीन-चार मराठी घरं, दर महिन्याला थोडे थोडे पौंड टाकायचे आणि साठले की फ्रान्समधल्या बोर्दोच्या रेड वाइनची एक लाकडी पेटी घ्यायची. पेटी घरी आणत नाही हं, ती बॉन्डेड गोदामात असते, बारा-तेरा डिग्रीत, अंधारात, बाटल्या आडव्या. कर बाहेर काढताना भरायचा. घरी जिन्याखालच्या कपाटात जागा आहे पण तिथून बॉयलरचा पाइप जातो, आणि दुसरं म्हणजे घरात असली की कोणाकडे जेवायला निघताना "अगं काहीतरी न्यायला हवं" म्हणत हात बरोब्बर तिथेच जातो.

तर २००९ की २०१०, म्हणजे कुठल्या वर्षीच्या द्राक्षांची वाइन. दोन्ही वर्षं थोर, त्यात दुमत नाही. २००९ चा उन्हाळा भरघोस, द्राक्षं मनसोक्त पिकली, वाइन पहिल्या दिवसापासून गोड बोलणारी. २०१० ला पाऊस कमी पण रात्री थंड, त्यामुळे अल्कोहोल चढं, आंबटपणाही चढा आणि टॅनिनचं, म्हणजे द्राक्षाच्या सालीतल्या तुरटपणाचं, तर विचारू नका, लवकर उघडली तर ओठ हिरड्यांना चिकटतात. त्यातून नदीचा डावा काठ म्हणजे पोइयाक, सँ-ज्युलियाँ वगैरे गावं, तिथे गोट्यागोट्यांची जमीन आणि काबर्ने जातीची द्राक्षं, त्या वाइनला वेळ लागतोच; उजव्या काठाला पोमरोलकडे चिकणमाती आणि मेर्लो जातीची द्राक्षं, ती वाइन त्यामानाने लवकर माणसात येते. म्हणून आमच्यातले एक काका (अर्थात सत्तरीला टेकलेले) कायम उजव्या काठाचे, आणि ज्याच्याकडे नुकतंच बाळ झालंय तो कायम डाव्या.

मला अशा वेळी आजी आठवते. तिने आयुष्यात वाइन बघितलीसुद्धा नव्हती. मावळात घर, दिवाळीच्या सुमारास नवा आंबेमोहोर यायचा आणि अख्ख्या ओटीवर त्याचा वास. पण आजी शिजवू द्यायची नाही. चार दाणे उचलायची, दाढेखाली धरायची, डोळे मिटून कट्ट असा आवाज होतो का ते ऐकायची आणि म्हणायची, "ओला आहे अजून. एक पावसाळा खाऊ दे त्याला." मग कडुलिंबाचा पाला घालून सगळा कणगीत, आणि तोवर आम्ही मागच्या वर्षीचा खायचा. नव्या तांदळाचा भात गिच्च होतो हे खरंय, पण मला तो गिच्चच आवडायचा, वर तूप-मेतकूट, आणि तो मिळायचा फक्त ताप आला की. त्यामुळे मी बऱ्यापैकी आजारी पडायचो.

बोर्दोत हे दाढेखाली धरणं दर वसंतात चालतं. आदल्या हंगामाची वाइन अजून पिंपातच असते, जगभरचे व्यापारी आणि लिहिणारे जमतात, दिवसभर घोट फिरवून थुंकत बसतात, संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे दात जांभळे-काळे, आणि त्या कच्च्या घोटावरून ठरतं की हे वर्ष चाळीस वर्षं टिकणार की दहा. पैसे तेव्हाच मोजायचे, बाटली हातात यायची ती पुढे दीड-दोन वर्षांनी.

आणि भले भले यात आपटलेत. १९७५ घ्या. टॅनिन भरपूर आहे म्हणून लोकांनी ठेवली, अजून ठेवली, आणखी थोडी ठेवली, आणि कित्येक बाटल्यांत टॅनिन तस्संच राहिलं, फळच उडून गेलं. उलट १९८२. ती इतकी गोंडस होती की बऱ्याच जाणत्यांनी नाक मुरडलं, ही काय टिकणार म्हणून. रॉबर्ट पार्कर नावाचा एक अमेरिकन वकील तेव्हा फारसा कोणाला माहीत नव्हता, तो ठासून म्हणाला की हे वर्ष थोर आहे, आणि त्याच्यावर त्याचं नाव झालं. चांगल्या घरच्या, म्हणजे नावाजलेल्या वाइनवाल्यांच्या, ८२ आजही लोक उघडतात आणि माना डोलावतात. १९४५ आणि १९६१ ची गोष्टच वेगळी, वसंतातच पीक मारलं गेलं, उरलं ते थोडं आणि अफाट; पण त्या आता प्यायच्या नसतात, लिलावाच्या कॅटलॉगात बघायच्या असतात.

माझी स्वतःची एक खोड आहे, ग्रुपवर कोणी ऐकत नाही. मला थोर वर्षं मानवत नाहीत. भाव आभाळाला, वर दहाव्या वर्षी उघडली की तोंड मिटून बसलेली, बोलतच नाही. त्यापेक्षा चांगल्या घरचं मधलं वर्ष घ्यावं. २००१ बिचारी २००० च्या सावलीत राहिली, पण काय सुरेख निघाली. २०१४ चा उन्हाळा रडका होता, सप्टेंबरच्या उन्हाने वाचवली, भावही माणसांचे. थोर वर्ष उघडायचं म्हणजे आधी प्रसंग शोधा, मग पाहुणे त्या लायकीचे आहेत का बघा, मग बायको म्हणते आज नको, आज नुसतीच पावभाजी आहे.

आमची लेक २०१३ ची. इकडे पोराच्या जन्मवर्षाची वाइन घेऊन ठेवायची पद्धत आहे, मीही हौसेने यादी काढली आणि बघतो तर काय, २०१३ म्हणजे बोर्दोच्या रेडचं अलीकडचं सगळ्यात दळभद्री वर्ष. वसंत थंड, फुलोरा गळलेला, उन्हाळ्यात गारा, शेवटी बुरशी. पण दक्षिणेला सोतेर्नला गोड वाइन करतात, तिला तीच बुरशी हवी असते. सिरों नावाची छोटी थंड नदी गारोनला मिळते, शरदात सकाळी धुकं धरतं, दुपारी ऊन पडतं आणि त्यात द्राक्षं सुरकुतून, राखाडी लव येऊन, बघवत नाहीत अशी होतात. तोडणारे एकाच ओळीतून पुन्हा पुन्हा जातात, त्या त्या दिवशी लागलेले तेवढेच मणी काढतात. शातो म्हणजे वाइनचा मळा; तिथले शातो दिकेमवाले म्हणतात एका वेलीला एक पेला. २०१२ ला त्यांनी वाइन काढलीच नाही, आणि २०१३ ला छान काढली. दिकेमची ऐपत नाही म्हणून शेजारचं घेतलंय. गोड वाइन, ती लेकीच्या नातवंडांपर्यंतसुद्धा टिकेल. लेक सध्या म्हणते मला दारू आवडणार नाही.

ग्रुपवर शेवटी २०१० ठरलं, डावा काठ. काकांनी नुसता हात जोडलेला इमोजी टाकला.

हे सगळं कौतुक मूठभर शातोंचं हो. १८५५ ला पॅरिसच्या प्रदर्शनासाठी उत्तम शातोंची यादी केली, ती नावं आणि त्यांची भावकी. बाकीचं बोर्दो म्हणजे साधी वाइन करणारे शेतकरी, त्यांना गिऱ्हाईकच उरलेलं नाही, फ्रेंच लोकच रेड प्यायचे कमी झालेत. २०२३ ला तिथे योजना आली, वेली उपटा आणि हेक्टरी ६,००० युरो घ्या, सुमारे ९,५०० हेक्टर. हे मी नाशिककडच्या मामेभावाला फोनवर सांगितलं. अवकाळीने दोनदा घड कुजले तेव्हा त्याने स्वतःची बाग तोडली होती. तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "दादा, उपटायचे पैसे देतात?"

मला पुढे काही बोलायला सुचलं नाही, मी आपलं मामीच्या गुडघ्याचं विचारलं.

हल्ली मी सुपरमार्केटमधून तीच साधी बोर्दो आणतो, खालच्या फळीवरची, आणली त्याच आठवड्यात संपवायची. चिकन-मटणाबरोबर जाते ठीक. पिठलं-भाकरीबरोबर चालते का म्हणाल तर नाही चालत. पिठल्याबरोबर काहीच चालत नाही, कांदा सोडून.