वॉटसन हॉटेल, १:१०० : तिसरा मजला चढला

काळा घोड्याच्या एस्प्लनेड मॅन्शनचं, म्हणजे जुन्या वॉटसन हॉटेलचं, खऱ्याच्या एक-शतांश मापाचं मॉडेल तिसऱ्या मजल्यापर्यंत आलं. अजून एकही भिंत लावलेली नाही. नुसते खांब आणि तुळया आहेत, तरी सांगाडा टेबलावर घट्ट उभा आहे. कोपऱ्यावर बोट दाबून पाहिलं, डुलत नाही.

आपल्यापैकी बहुतेकजण इमारतीचं मॉडेल करताना आधी चार दर्शनी भिंती कापतात, खिडक्या पाडतात आणि खोका जोडतात. डेव्हिड ससून लायब्ररी किंवा एल्फिन्स्टन कॉलेज करायचं असेल तर ते बरोबरच आहे, कारण तिथे दगडी भिंतच सगळं ओझं घेते. वॉटसनला हा क्रम चालत नाही. इथे भिंती मजल्यांचं वजन घेत नाहीत. ओतीव लोखंडाचे खांब, त्यांवर घडीव लोखंडाच्या तुळया, आणि मधल्या रिकाम्या चौकटी विटांनी भरलेल्या. खरी इमारत ज्या क्रमाने उभी राहिली त्याच क्रमाने मॉडेल करायचं मी ठरवलं, आणि या क्रमानेच मला ही इमारत कळत गेली. फोटो बघून इतकी कळली नव्हती.

नव्याने येणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. फोर्टची तटबंदी १८६० च्या दशकात पडली आणि एस्प्लनेडच्या, म्हणजे किल्ल्यापुढच्या, मोकळ्या जागेवर मुंबईचा नवा भाग उभा राहू लागला. कापडाचा व्यापारी जॉन वॉटसन याने तिथे जागा घेतली. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्रज अभियंत्याचा. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनच्या अवाढव्य छपराच्या कामात विल्यम बार्लोबरोबर हाच होता, आणि थेम्सवरचा अल्बर्ट पूलही त्याचाच. पूल आणि छपरं करणाऱ्या माणसाच्या हातात हॉटेल आलं की काय होतं ते इथे दिसतं: सजावटीच्या आधी जोड दिसतात. सुटे भाग इंग्लंडमध्ये ओतून, घडवून जहाजाने मुंबईत आणले आणि १८६७ ते १८६९ या काळात जागेवर जोडले. सुएझ कालवा १८६९ च्या नोव्हेंबरात खुला झाला. त्याआधी निघालेलं हे लोखंड आफ्रिकेला वळसा घालून आलेलं आहे. हॉटेल १८७१ मध्ये सुरू झालं. तळमजला धरून पाच मजले, सुमारे १३० खोल्या, मधोमध काचेच्या छपराचा चौक आणि दर्शनी बाजूला प्रत्येक मजल्यावर रुंद, मोकळे सज्जे. आजूबाजूला मालाड-कुर्ल्याच्या दगडात गॉथिक कमानी उभ्या राहत असताना मधोमध हा लोखंडी सांगाडा. आज भारतात उभी असलेली ओतीव लोखंडाची सर्वांत जुनी इमारत ती हीच, असं मानलं जातं.

आता खांबांकडे येते, कारण गेल्या टप्प्यातला बहुतेक वेळ तिथेच गेला.

माझ्या मापात बाहेरचा खांब तीन मिलिमीटर जाडीचा येतो. प्रत्येक खांब वेगळा कापून घासत बसले असते तर एकही दुसऱ्यासारखा झाला नसता, आणि या इमारतीचा सगळा ताल तर एकसारखेपणात आहे. म्हणून स्टायरीन या प्लास्टिकच्या पट्ट्यांतून एकच मूळ खांब घडवला. तळखडा, सडपातळ अंग, वरचा माथा आणि तुळई बसायची खाच. ती खाच ४०० नंबरच्या पॉलिशपेपरने आतून साफ केली, कारण तिथली कचकच साच्यातून जशीच्या तशी पुढच्या प्रत्येक खांबात उतरते. मग सिलिकॉनचा दोन भागांचा साचा, आणि त्यात रेझिन, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारा द्रव. साचा उघडून पहिला खांब बाहेर काढला तेव्हा लक्षात आलं की हे खांब जिथे ओतले गेले त्या इंग्लंडमधल्या डर्बीच्या फिनिक्स फाउंड्रीत, म्हणजे ओतशाळेत, असंच काम झालं असणार. एक लाकडी नमुना, त्याचा वाळूत उठवलेला ठसा, आणि त्यात लोखंडाचा रस, पुन्हा पुन्हा. त्या फाउंड्रीचं नाव खऱ्या खांबांच्या तळाशी ओतलेलं आहे. १:१०० ला ती अक्षरं येणं शक्य नाही. त्या जागी फक्त एक पातळ उंचवटा ठेवला आहे. प्राइमर मारल्यावर बारकाईने पाहणाऱ्याला तिथे काहीतरी आहे एवढं जाणवतं.

रेझिन ओतणाऱ्यांसाठी एक सूचना. मुंबईच्या पावसाळ्यात पॉलियुरेथेन रेझिन वापरू नका. ते हवेतला ओलावा घेतं आणि आतून फसफसतं, खांबाच्या अंगावर बारीक भोकं पडतात. इपॉक्सी सुकायला रात्र लावतं, पण भरीव उतरतं.

ज्या ओलाव्याला आपण साच्यात घाबरतो, तोच या इमारतीच्या दुखण्याचं मूळ आहे. ओतीव लोखंड दाबाला जबरदस्त, पण ताणाला कच्चं आणि ठिसूळ. म्हणून ते खांबांत. घडीव लोखंड ताण सोसतं. म्हणून ते तुळयांत. खाऱ्या हवेत मात्र घडीव लोखंड आधी आणि थरांथरांनी गंजतं, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. तो शेजारच्या विटा ढकलतो, वीट फुटते, फटीतून पाणी आत येतं, आणि पिंपळाचं रोप मूळ धरतं. त्यात हॉटेल बंद पडल्यावर मोठ्या खोल्यांची लहान लहान कार्यालयं झाली (जवळच सेशन्स कोर्ट, त्यामुळे वकिलांची पुष्कळ), पार्टिशनं, पोटमाळे, कागदांचे गठ्ठे, नळ आणि मोऱ्या वाढल्या. मोकळ्या हवेसाठी केलेले सज्जे वापरायच्या जागेत ओढले गेले. २००५ च्या पावसाळ्यात दर्शनी बाजूचा काही भाग कोसळला. त्याच वर्षी वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या वास्तू जपणाऱ्या संस्थेने जगातल्या धोक्यात असलेल्या शंभर वास्तूंच्या यादीत हिचं नाव घातलं होतं.

ही वास्तू मुंबईच्या वारसा यादीत श्रेणी दोन-अ मध्ये आहे. तरीही २०१९ मध्ये ती रिकामी करून घेतल्यावर आयआयटी मुंबईच्या अहवालात पाडून टाकण्याची शिफारस आली, आणि वारसा जतनाच्या क्षेत्रातल्या लोकांनी तिला विरोध केला. मी संरचना अभियंता नाही. आतली एकेक तुळई तपासलेल्यांचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. पण सांगाडा हाताने जोडताना माझं मत पक्कं होत गेलं. दगडी भिंत एका ठिकाणी खचली की अख्खी भिंत हलते. ही इमारत जोडलेली आहे. ओझ्याला टेकू देऊन सडलेली तुळई काढता येते, त्याच मापाची नवी बसवता येते, फुटलेल्या खांबाचा नमुना शेजारच्या शाबूत खांबावरून घेता येतो. काम महागडं आहे, वेळखाऊ आहे, पण ऑर्डिशने ज्या रीतीने ती बांधली त्या रीतीतच दुरुस्तीची सोय आहे. ओतीव खांब उचलून शो-केससारखे दुसरीकडे उभे करायचे आणि इथे काँक्रीटचा टॉवर बांधायचा, ही कल्पना मला मान्य नाही. खांबांना अर्थ आहे तो त्यांच्यावर मजले आहेत म्हणून.

कठडे. यावर फार चर्चा होते म्हणून माझी पद्धत सांगते. मीटरभर उंचीचा कठडा मॉडेलमध्ये दहा मिलिमीटर होतो, आणि त्यातली एकेक सळई खऱ्या प्रमाणात घेतली तर केसाएवढी. लेझरने जाड कार्डात ०.४ मिलिमीटरच्या खाली गेलं की सळई जळून तुटते. म्हणजे प्रत्येक सळई हवी त्यापेक्षा जाड होणार. संख्या तेवढीच ठेवली असती तर कठडा भिंतीसारखा दिसला असता आणि सज्ज्यांचा मोकळेपणा गेला असता. म्हणून सळया कमी केल्या आणि भरीव भाग व मोकळी जागा यांचं प्रमाण जुन्या फोटोंशी जुळवलं. सळया मोजणाऱ्याला फरक कळेल. पण हातभर अंतरावरून पाहिलं की आरपार सावली बरोबर पडते, आणि या दर्शनी भागात सावली हेच मुख्य काम आहे. कापल्यावर कार्डाला पातळ सुपरग्लू पाजायचा. तो आत मुरला की कागद प्लास्टिकसारखा कडक होतो, कडा सँडिंग करता येतात आणि रंगाने फुगत नाही.

विटांचे भराव एक मिलिमीटरच्या पुठ्ठ्याचे कापून ठेवले आहेत, पण चिकटवणार शेवटी. रंगाचा निर्णय मॉडेलचं साल ठरवल्यावर सोपा झाला: १८९६. त्या साली मार्क ट्वेन इथे उतरला होता, आणि ७ जुलैला ल्युमिएर बंधूंच्या सिनेमॅटोग्राफचा, म्हणजे हलती चित्रं दाखवणाऱ्या यंत्राचा, भारतातला पहिला खेळ इथेच झाला, तिकीट एक रुपया. ते नवल बघणाऱ्यांत आपले हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा, होते. तीनच वर्षांनी त्यांनी हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचं चित्रीकरण केलं. तेव्हा सज्जे मोकळे, पार्टिशन नाही, काचेचं छप्पर जागेवर. गंजाचे ओघळ रंगवण्याचा मोह अनेकांना होईल, मला होत नाही. गंजलेली वॉटसन सगळ्यांनी पाहिली आहे.

पुढचं काम चौथा मजला आणि मग चौकावरचं छप्पर. त्याच्या कैच्या, म्हणजे छपराला आधार देणाऱ्या त्रिकोणी चौकटी, पितळी तारेच्या करून पाहते आहे. डाग देण्यासाठी, म्हणजे तारांचे सांधे जोडण्यासाठी, बारीक टोकाची सोल्डरिंग आयर्न आणि पातळ फ्लक्स (सांधा नीट धरावा म्हणून लावायचा द्रव) लागेल. काचेला ०.३ मिलिमीटरची पारदर्शक शीट, मागून खरवडून रेषा पाडलेली. छप्पर चिकटवणार नाही, नुसतं टेकवून ठेवणार, म्हणजे उचलून आतल्या चौकातून चारी बाजूंच्या खोल्यांची दारं बघता येतील.